टर्बो डिझेल इंजिन पिकअपमध्ये परत चढवताना

बोअर काम, म्हणजे झिजलेल्या सिलिंडरांचं काम, होऊन इंजिन गॅरेजमध्ये परत आलं की गाडीमालकाचा फोन येतोच. "मिस्त्री, आज चढवाल ना? उद्या पिंपळगावला माल टाकायचाय." टोमॅटोच्या हंगामात तर असे चार-चार फोन येतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: उद्या नाही, परवा संध्याकाळी. इंजिन उचलून खाली सोडायला नि बोल्ट आवळायला एक दिवस पुरतो. बाकीचा वेळ इंजिनच्या आजूबाजूला जे आहे ते बघण्यात जातो, आणि चढवलेलं इंजिन टिकणार की महिन्याभरात परत उतरणार हे तिथंच ठरतं.

इथं धरलेली गाडी म्हणजे आमच्या नाशिक भागात दर दुसऱ्या शेतात दिसणारी महिंद्राची बोलेरो पिकअप. चार सिलिंडर, २५२३ सीसी, टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) आणि कॉमन रेल (डिझेल फवारणाऱ्या सगळ्या नोजलांना दाबाचं डिझेल पुरवणारी एकच नळी) असलेलं इंजिन. इंजिन लांबीत बसलेलं, त्याच्या मागे गिअरबॉक्स, मग शाफ्ट आणि मागचं डिफरन्शियल. याच धाटणीच्या दुसऱ्या कंपनीच्या पिकअपला यातलं बहुतेक सगळं लागू पडेल. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमाच्या) गाड्यांना सायलेन्सरच्या बाजूला सेन्सर आणि फिल्टर जास्त असतात. तिथं गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर जवळ नसेल तर काम अंगावर घेऊ नका.

आधी सांगा, इंजिन गेलं कशानं?

इंजिन ज्या कारणानं गेलं ते कारण बऱ्याचदा गाडीतच बसून असतं. आपण इंजिन उतरवतो, लेथवाल्याकडे पाठवतो, नवीन किट टाकून आणतो, आणि ते कारण बॉनेटखाली आपली वाट बघत असतं.

माझ्याच हातून झालेली गोष्ट सांगतो. एका पिकअपचा टर्बो फुटला. पंख्याची दोन पाती तुटली, इंजिनातही खराबी झाली, म्हणून पूर्ण काम काढलं. इंजिन नवं, टर्बो नवा. इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून इंजिनात जाणारी हवा थंड करणारी जाळी, मात्र मी वरवर हवा मारून तसाच लावला, कारण दिसायला स्वच्छ होता. तिसऱ्या दिवशी गाडी चढावर खाडकन वाजली. जुन्या पंख्याच्या ॲल्युमिनियमचा मुगाच्या डाळीएवढा कण इंटरकूलरच्या नळीत अडकला होता. जोर लावल्यावर हवेनं तो सुटला आणि थेट तिसऱ्या सिलिंडरमध्ये गेला. दुसऱ्यांदा इंजिन उतरवलं ते माझ्या खर्चानं.

तेव्हापासून टर्बो तुटलेला असेल तर इंटरकूलर मी धूत बसत नाही, बदलतो. आतल्या बारीक नळ्यांतला कण कितीही धुतला तरी निघेलच याची खात्री नसते. टर्बो शाबूत असेल आणि नुसतं तेल आलेलं असेल, तर इंटरकूलर उतरवून आत डिझेल भरायचं, दोन्ही तोंडं बंद करून हलवायचं आणि उपडं करून ओतायचं. अगदी स्वच्छ डिझेल बाहेर येईपर्यंत हे करायचं. मग हवा मारून उन्हात उभा ठेवायचा. आत साचलेलं तेल किती धोक्याचं असतं ते पहिल्या स्टार्टच्या वेळी सांगतो.

इंजिन धुळीनं गेलं असेल, म्हणजे बोअर झिजले, ब्रेदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर, तेल खाणं, तर एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी होज हातात घ्या आणि त्याची प्रत्येक घडी बोटांनी ताणून बघा. वरून धडधाकट दिसणाऱ्या होजला घडीच्या तळाशी चीर असते. द्राक्षबागेच्या मातीच्या रस्त्यावर फिरणारी गाडी त्या चिरेतून फिल्टरला बगल देऊन धूळ ओढते. होजच्या आत बोट फिरवा. बोटाला पिठासारखी माती लागली तर तुमचं इंजिन तिनंच खाल्लं.

इंजिन तापून गेलं असेल तर रेडिएटर. बोअरवेलच्या पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या रेडिएटरच्या अर्ध्या नळ्या क्षारानं बंद असतात. तो वेगळा काढून साफ करून घ्या, थर्मोस्टॅट नवा टाका, पंख्याचा क्लच तपासा. बेअरिंग धरून गेलं असेल तर ऑइल कूलर आणि टर्बोचा तेलाचा पाइप. बेअरिंगचा चुरा या दोन ठिकाणी लपतो. ऑइल कूलरबद्दल थोडी जरी शंका असली तरी मी तो जुना परत लावत नाही.

इंजिन बाहेर आहे तोवर

इंजिन स्टँडवर असताना जे काम दहा मिनिटांचं असतं, तेच चढवल्यानंतर अर्ध्या दिवसाचं होतं. म्हणून ही कामं आत्ताच उरका.

क्रँकचं मागचं ऑइल सील नवीन टाका, जुनं कितीही चांगलं दिसलं तरी. ते गळलं तर गिअरबॉक्स परत उतरवावा लागतो आणि क्लच प्लेटला तेल लागतं ते वेगळंच. ब्लॉकचे वॉटर प्लग टिचकी मारून, गंज बघून तपासा. मागचे प्लग नंतर हाताला येत नाहीत. इंजिन माउंटिंगचं रबर चिरलेलं, दबलेलं असेल तर दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. एक नवं, एक जुनं ठेवलं की इंजिन तिरकं बसतं आणि स्लोवर गाडी थरथरते.

लेथवाल्याकडून आलेलं इंजिन "धुवून दिलंय" असं सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नका. तेलाच्या वाटांचे प्लग उघडून हवा मारलीय का ते विचारा, आणि चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) काढता येत असेल तर आत एकदा हात फिरवाच. होनिंगची, म्हणजे बोअर घासण्याची, बारीक वाळू तेलात मिसळली की नवीन बेअरिंगची वाट लागते.

फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा असतील तर ते फेस (घासून सपाट) करून घ्या. चिरा खोल असतील तर बदला. बसवताना डॉवेल पिन (जागा धरणारी खुंटी) विसरू नका. बोल्ट थोडेथोडे, समोरासमोरचे, टॉर्क रेंचनं आवळा. फ्लायव्हीलच्या काठावर क्रँक सेन्सरसाठी दात किंवा खाचा असतील तर त्यांवर हातोडी चालवू नका. एक दात वाकला तर इंजिन फिरेल, पण पेटणार नाही, आणि तुम्ही दोन दिवस डिझेलमध्ये हवा शोधत बसाल.

नोजल ज्या सिलिंडरमधून काढलं त्यातच परत जायला हवं. बऱ्याच कॉमन रेल नोजलांच्या डोक्यावर कोड कोरलेला असतो आणि तो ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) सिलिंडरनुसार भरलेला असतो. नोजल बदललं किंवा अदलाबदल झाली तर स्कॅनरनं कोड परत भरावा लागतो. नोजलखालचा तांब्याचा वायसर दर वेळी नवा. जुना वायसर खाली चिकटून राहिला आणि त्यावर नवा बसला, तर नोजल उंच राहतं आणि कॉम्प्रेशन तिथून फुसफुसतं. टॉर्च मारून खड्ड्यात बघा.

क्लच

क्लच प्लेटवर कोणती बाजू फ्लायव्हीलकडे ते छापलेलं असतं. छाप पुसला असेल तर मधल्या स्प्रिंगांचा फुगीर भाग साधारणपणे गिअरबॉक्सकडे येतो. प्लेट आधी गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून बघा, अडखळली नाही पाहिजे. शाफ्टच्या खाचांना ग्रीसचा नुसता हात फिरवा. जास्त लावलं तर ते फिरून प्लेटच्या अस्तरावर उडतं.

प्लेट मधोमध धरायला अलाइनमेंटची दांडी लागते. नसेल तर भंगारातल्या जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणून ठेवा. माझ्याकडचा असाच आहे आणि बाजारातल्या प्लास्टिकच्या दांडीपेक्षा तो बरा चालतो. दांडी आत असतानाच प्रेशर प्लेटचे बोल्ट अर्धा-अर्धा फेरा देत, समोरासमोरचे घट्ट करत जा. एकच बाजू आधी आवळली तर प्रेशर प्लेटचं कव्हर वाकतं. मग क्लच दाबला तरी पूर्ण सुटत नाही आणि पहिला गिअर करकरतो.

पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं) आणि रिलीज बेअरिंग (क्लच दाबला की प्रेशर प्लेटला ढकलणारं) नवीन. दोन्ही मिळून प्लेटच्या किमतीपुढे काहीच नाही.

टर्बो

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. तो कुठल्या बॉल बेअरिंगवर नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. एवढं कळलं की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. तेल स्वच्छ हवं, लगेच पोचायला हवं आणि मोकळेपणानं परत चेंबरमध्ये उतरायला हवं.

टर्बो जुनाच लावणार असाल तर शाफ्ट बोटांत धरून पुढे-मागे ओढून बघा. ही चाल हाताला जवळपास जाणवताच कामा नये. आडवी चाल थोडी जाणवते, कारण आत तेल नसतं. मात्र शाफ्ट एका बाजूला दाबून फिरवला तरी पंखा घराला घासता कामा नये. घासल्याची चकचकीत रेघ दिसली तर तो टर्बो गेला. वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) दांडीची नट फिरवून "पिकअप वाढवून देतो" म्हणणारे भेटतील. तिला हात लावू नका.

तेल येणारा बारीक पाइप हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. वर्षानुवर्षं गरम सायलेन्सरजवळ राहून त्यात तेलाचा कोळसा जमतो. बाहेरून पाइप ठणठणीत, आत भोक सुईएवढं. साफ करायला तार घातली तर कोळशाचे तुकडे सुटतात आणि तेच टर्बोत जातात. म्हणून पाइप नवीनच घ्या, तांब्याच्या वायसरांसकट.

तेल परत नेणारा जाड पाइप सरळ खाली उतरायला हवा, कुठं चेपलेला, वर चढलेला, पिळलेला नको. त्यातून तेल स्वतःच्या वजनानं खाली येतं. वाट अडली की ते टर्बोच्या सीलमधून बाहेर पडतं आणि सायलेन्सर निळा धूर सोडतो. मग लोक चांगला टर्बो बदलतात. या दोन्ही पाइपांच्या तोंडाला सिलिकॉनची पेस्ट लावू नका. आवळल्यावर ती आतल्या बाजूला फुगते, तुटते आणि नेमकी तेलाची वाट धरते. नुसतं पॅकिंग पुरतं.

टर्बो मॅनिफोल्डवर बसवून झाला की तेलाचा पाइप जोडायच्या आधी तोंडातून स्वच्छ इंजिन ऑइल सिरिंजनं वीस-तीस मिली सोडा आणि पंखा हातानं फिरवा. परत थोडं तेल, परत फिरवा. मगच पाइप. हवेची दोन्ही तोंडं मात्र होज जोडेपर्यंत कापडानं नाही, टेपनं बंद ठेवा. कापड आत विसरतं. मी विसरलेलं कापड बघितलंय, सुदैवानं दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये.

चढवणं

बॉनेट, रेडिएटर, पुढची जाळी काढलेली. गिअरबॉक्स गाडीतच असेल तर त्याखाली जॅक आणि लाकडी गुटका. इंजिन दोनशे किलोच्या पुढे भरतं, तेव्हा चेन ब्लॉक एक टनी हवा आणि तो टांगलेली घोडी किंवा तुळई त्याहून भक्कम. पत्र्याच्या शेडच्या पाइपला चेन ब्लॉक अडकवणारे महाभाग आहेत. साखळी इंजिनच्या कड्यांनाच लावा, मॅनिफोल्डला किंवा टॅपेट कव्हरला नाही. इंजिन लटकत असताना त्याच्याखाली कुणाचंही अंग येता कामा नये, हातसुद्धा नाही.

टांगलेलं इंजिन मागच्या बाजूला किंचित खाली झुकलेलं हवं. गिअरबॉक्सही तसाच झुकलेला असतो, आणि दोन्हींचा झुकाव जुळला तर शाफ्ट आपसूक आत शिरतो. एक माणूस साखळीवर, एक इंजिनच्या पुढे, एक गाडीखाली. बोलणारा एकच. तिघंही "सोड, थांब, उचल" ओरडायला लागले की एसीच्या पाइपाचा बळी ठरलेला. खाली सोडताना वायरिंग, ब्रेकचा पाइप, क्लचचा पाइप बाजूला बांधून ठेवा.

आता खरी परीक्षा. शाफ्ट क्लच प्लेटच्या खाचांत शिरला पाहिजे आणि पुढे पायलट बेअरिंगमध्ये. गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि क्रँक पुलीच्या बोल्टवर गोटी पाना लावून इंजिन हळूहळू फिरवा. खाचा जुळल्या की इंजिन 'खप्' करून मागे सरकतं. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. नाही सरकलं तर जॅकनं गिअरबॉक्स अर्धा इंच वर-खाली करून बघा आणि चारी बाजूंनी फट सारखी आहे का ते मोजा. वर फट जास्त नि खाली कमी, म्हणजे झुकाव चुकलाय.

आणि इथंच सगळ्यांचा संयम सुटतो. बोटभर फट उरलेली असते, संध्याकाळ झालेली असते, हेल्पर म्हणतो, "बोल्टनं ओढून घेऊ, दादा." नाही. बोल्टनं ओढलं की एक तर क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो, नाही तर बेल हाउसिंगचा (क्लचभोवतीच्या घराचा) कान तुटतो. फट बोल्ट न लावता हातानं मिटली पाहिजे. दोन्ही डॉवेल पिन बसल्या, फट पूर्ण मिटली, की मगच बोल्ट. नाहीच मिटत, तर इंजिन मागे घ्या, क्लच प्लेट मधोमध आहे का ते परत दांडीनं तपासा. त्यात अर्धा तास जातो, गिअरबॉक्स मात्र वाचतो.

बेल हाउसिंगचे सगळे बोल्ट घट्ट झाल्यावर माउंटिंगचे बोल्ट आधी हातानं लावा, इंजिनचं वजन माउंटिंगवर येऊ द्या, हलवून बसू द्या, आणि मग आवळा.

आवळण्याबद्दल इथंच सांगतो. कंपनीच्या पुस्तकातला आकडा सगळ्यात आधी. पुस्तक नसेल आणि बोल्टच्या डोक्यावर ८.८ असेल, तर ८ मिमी बोल्टला साधारण २५ न्यूटन मीटर, १० मिमीला ४५ ते ५०, १२ मिमीला ८० ते ८५. हे ब्रॅकेट, हाउसिंगसारख्या साध्या जागांचे आकडे. हेड, फ्लायव्हील, बेअरिंग कॅप यांना ते कधीच वापरू नका. ॲल्युमिनियममध्ये जाणारे बोल्ट हातानं चार-पाच आटे फिरवल्याशिवाय त्यांना पाना लावायचा नाही.

जोडण्या

क्रम तुमच्या सोयीनं ठरवा. मी मागून पुढे येतो, म्हणजे सेल्फ, सायलेन्सर, क्लचचा सिलिंडर, मग वायरिंग, डिझेल, पाणी, हवा आणि शेवटी रेडिएटर. उतरवताना मोबाइलवर फोटो काढले असतील तर निम्मं काम सोपं. नसतील तर होजांवरच्या जुन्या क्लिपांच्या खुणा बघा.

अर्थची पट्टी विसरणं ही सगळ्यात महागडी विसराळू चूक. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, चेसिसशी त्याचा विजेचा संबंध त्या पट्टीतूनच येतो. ती राहिली तर सेल्फचा शेकडो अँपिअर करंट मिळेल त्या वाटेनं, एखाद्या केबलमधून किंवा सेन्सरच्या बारीक वायरमधून जायला बघतो. वायर जळते, ईसीयूही जाऊ शकतो. पट्टीच्या दोन्ही टोकांखालचा रंग कानशीनं खरवडून लख्ख लोखंडावर बसवा, मग वर ग्रीस.

डिझेलचे जाड पोलादी पाइप, म्हणजे पंपापासून रेलपर्यंत आणि रेलपासून नोजलपर्यंतचे, कामाच्या शेवटपर्यंत टोप्या घालून ठेवा. या रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो, आणि नोजलची भोकं इतकी बारीक की कापडाचा एक तंतूही पुरतो. पाइप ओढून-ताणून जुळवू नका. दोन्ही टोकं हातानं लागली की मगच पाना.

टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन, या होजांची तोंडं कोरड्या कापडानं पुसून घ्या. तेलकट तोंडावर क्लिप कितीही आवळा, घाटात दाब वाढला की होज उडतो, आणि गाडी काळा धूर सोडत रांगायला लागते.

तेल, पाणी, डिझेल

तेल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं. कोरड्या इंजिनला नेहमीपेक्षा जास्त तेल लागतं, कारण फिल्टर, कूलर, सगळ्या वाटा रिकाम्या असतात. म्हणून गेजच्या वरच्या खुणेपर्यंत भरा आणि पहिल्या स्टार्टनंतर परत बघा. खुणेच्या वर भरू नका. फिल्टर उभा लागत असेल तर तो आधीच तेलानं भरून लावा.

कुलंट निम्मं आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. हिरवं-लाल मिसळू नका. हीटर असेल तर त्याचा कॉक पूर्ण गरमवर ठेवून, वरचा होज दाबत दाबत हळूहळू भरा, म्हणजे हवा धरत नाही.

डिझेल फिल्टर नवा, आणि सेल्फ मारायच्या आधी हँड पंपानं हवा काढायची. हा क्रम उलटा करू नका. कॉमन रेलच्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं. कोरडा फिरवला तर तो स्वतःलाच खातो आणि धातूचा चुरा सगळ्या नोजलांत पाठवतो. पंप हाताला टणक लागेपर्यंत आणि फिल्टरच्या स्क्रूतून बुडबुड्याशिवाय डिझेल येईपर्यंत दाबत राहा.

पहिला स्टार्ट

चावी फिरवण्याआधी इंजिन पुलीवरून हातानं पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठं टणक अडलं तर थांबा.

नोजलांचे कनेक्टर काढून ठेवा, म्हणजे इंजिन फिरेल पण पेटणार नाही. जुन्या साध्या पंपाच्या गाडीला स्टॉप सोलेनॉइडची वायर काढा. आता सेल्फ दहा सेकंद मारा, मिनिटभर थांबा, परत दहा सेकंद. तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत हे करायचं. तीन-चार वेळात विझतो. तेवढ्यात विझला नाही तर पेटवायचा हट्ट धरू नका. प्रेशर स्विच, फिल्टर, ऑइल पंपाची जाळी बघा. दिवा विझला की टर्बोचा तेलाचा पाइप टर्बोकडच्या तोंडाला थोडा सैल करून, सेल्फ मारताना तिथं तेल येतंय का बघा. आलं की आवळा.

बॅटरी पूर्ण चार्ज हवी. कॉमन रेलमध्ये दीडशे-दोनशे बारच्या आसपास दाब झाल्याशिवाय ईसीयू नोजल उघडतच नाही, आणि सेल्फ रडतखडत फिरला तर तेवढा दाब होत नाही. ही अडचण आली की काही जण चालू किंवा फिरत्या इंजिनवर नोजलचा पाइप सैल करतात, जसा जुन्या इंजिनांवर करायचे. कॉमन रेलवर हे कधीच करू नका. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून डिझेल आत घालते. वरून सुई टोचल्यासारखं दिसतं, पण बोट, हात कापायची वेळ येते. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक दवाखाना. गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवा, हात नाही.

आता कनेक्टर लावा. एअर फिल्टरकडचा होज टर्बोच्या तोंडावरून काढून ठेवा आणि एका माणसाच्या हातात त्या तोंडावर बसेल अशी जाड लाकडी फळी द्या. नव्या पोरांना हे हसण्यासारखं वाटतं. पण इंटरकूलरमध्ये तेल राहिलं असेल किंवा टर्बोचं सील गेलं असेल, तर डिझेल इंजिन ते तेलच जाळायला लागतं. मग चावी बंद करून उपयोग नसतो. रेस आपोआप वाढत जाते, पांढऱ्या-निळ्या धुरानं शेड भरतं, आणि मिनिटभरात कनेक्टिंग रॉड ब्लॉकमधून बाहेर येऊ शकतो. त्या वेळी हवेची वाट फळीनं दाबून बंद करणं हा खात्रीचा उपाय. तळहात लावायचा नाही, कापडही नाही, दोन्ही आत ओढले जातात. फळी नसेल तर गाडी वरच्या गिअरमध्ये, ब्रेकवर उभं राहून क्लच सोडायचा आणि इंजिन दाबून बंद पाडायचं.

नीट पेटलं, तर पायाचा भार न देता स्लोवर चालू द्या. तेलाचा दिवा, टर्बोचे दोन्ही तेलपाइप, डिझेलचे नट, पाण्याचे होज, खालची जमीन, एवढं बघायला तीन-चार मिनिटं. मग बंद करून होज लावा, पाच मिनिटांनी तेल आणि पाणी बघून वाढवा. परत चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गरम करा. वरचा आणि खालचा दोन्ही होज गरम झाले म्हणजे पाणी फिरतंय. पहिल्या अर्ध्या तासात मॅनिफोल्डला लागलेलं तेल जळून थोडा धूर येतोच, घाबरू नका.

पहिले हजार किलोमीटर

आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे: नवं इंजिन रात्रभर स्लोवर सोडून द्यायचं, "सेट व्हायला". मला ती पटत नाही. रिंग बोअरला बसतात त्या ज्वलनाच्या दाबानं, आणि स्लोवर दाबच नसतो. बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो, होनिंगच्या रेषा भरून जातात आणि गाडी जन्मभर तेल खाते. त्यापेक्षा इंजिन गरम झालं की रस्त्यावर काढा. गाडी रिकामी किंवा निम्म्या मालावर, वेग सतत कमी-जास्त, मधूनमधून मध्यम रेस देऊन परत सोडायची. पूर्ण लोड, कसारा घाट आणि महामार्गावर तासन्‌तास एकाच रेसवर पळवणं, हे तिन्ही हजार किलोमीटरपर्यंत बंद. मालकाला हे समजावणं इंजिन चढवण्यापेक्षा अवघड जातं.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर गाडी परत बोलवा. थंड इंजिनवर मॅनिफोल्डच्या नटा, माउंटिंग, होजांच्या क्लिपा परत बघा. हेडचे बोल्ट सरसकट परत आवळू नका. कोन मोजून आवळायचे ताणाचे बोल्ट असतील तर ते एकदाच आवळायचे असतात.

ड्रायव्हरला दोन सवयी लावा. चालू केल्यावर अर्धं मिनिट रेस नाही, आणि घाट चढून आल्यावर बंद करण्याआधी मिनिट-दोन मिनिटं स्लोवर. तापलेल्या टर्बोतलं तेल जागीच थांबलं की त्याचा कोळसा होतो, तोच कोळसा जो जुन्या पाइपात बघितला.

कामात ब्लॉक बदलला असेल तर इंजिन नंबर बदललेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे त्याची माहिती चौदा दिवसांत आरटीओला देऊन आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. बिलं जपून ठेवा. अपघात झाला किंवा गाडी विकायला काढली, की हाच नंबर आधी बघतात.

हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदला, तेल चांगलं दिसत असलं तरी. काढलेला फिल्टर फेकू नका. पत्रा कापून कागद बाहेर काढा, तेल निथळू द्या आणि उन्हात उलगडून बघा. रंगाच्या पावडरीसारखी बारीक चमक सगळ्याच नव्या इंजिनांत दिसते. नखानं उचलता येतील असे चकचकीत पापुद्रे असतील तर लोहचुंबक लावा. चुंबकाला चिकटले तर लोखंड, म्हणजे रिंग, कॅम किंवा गिअर. चिकटले नाहीत आणि तांबूस-करडे असले, तर बेअरिंगचा थर सुटतोय. गाडी मालाला पाठवू नका, त्याच दिवशी चेंबर खोला.